आमचे बंदर वेंगुर्ले

बेळगावातून पश्चिमेस हिंडलग्यावरून जो रस्ता सुळगे, बाची, शिनोळी अशी गावे घेत पुढे जातो, त्यास आपण पिढ्यान्‌पिढ्या 'वेंगुर्ले रोड' म्हणत आलो आहोत. छावणीतल्या एका रस्त्याचे नाव 'रामघाट रोड' असे आहे. ही दोन्ही नावे आपल्या जिभेवर इतकी रुळली आहेत की, त्यांचा अर्थ काय असा प्रश्नही आपल्या मनात येत नाही. वाटेत चंदगडचा मुलूख आहे, आंबोली आहे, सावंतवाडीसारखे संस्थानचे शहर आहे. परंतु रस्त्यास नाव मिळाले ते सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पार समुद्राला टेकलेल्या एका लहानशा गावाचे. रस्त्याचे नाव हे बहुधा त्या काळच्या माणसांच्या गरजेचे नाव असते. माणसे जेथे जाण्यासाठी घराबाहेर पडत, तेच नाव रस्त्याला चिकटते. मग कोणे एके काळी बेळगावची सारी गरज वेंगुर्ल्यास जाऊन थांबत होती की काय?

या प्रश्नाचे उत्तर ग्रंथातून मिळते. पण ते डोळ्यांनी पाहावयाचे तर वेंगुर्ल्यास रस्त्याने न जाता समुद्राने जावे, असे आता माझे मत झाले आहे. यंदा फाल्गुनात आम्ही तीन कुटुंबांतील सहाजणांनी मालवणात एक यांत्रिक होडी ठरविली आणि तेरेखोलपर्यंतचा किनारा तीन दिवसांत, सावकाश, जागोजागी उतरत पाहिला. त्यांतला मधला अख्खा दिवस आम्ही वेंगुर्ल्यासाठी राखून ठेवला होता. आजचा हा लेख त्या एका दिवसाचा आहे.

फाल्गुनातील सकाळी समुद्र कसा असतो हे घाटावरच्या माणसास सांगून समजावयाचे नाही. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, ज्यास कोकणात मतलई म्हणतात, तो अजून पुरता पडलेला नसतो. पाणी तेलासारखे संथ असते. निवतीच्या किल्ल्याची टेकडी मागे पडली आणि उजव्या हातास, दूर खोल समुद्रात, काळ्या खडकांचा एक पुंजका दिसू लागला. हेच ते 'वेंगुर्ला रॉक्स'. त्यांवर दीपगृह आहे. जुन्या इंग्रजी नकाशांत त्यांस 'जळकी बेटे' अशा अर्थाचे नाव दिलेले आढळते. येथील कपारींत पाकोळीची एक जात आपल्या लाळेने घरटी बांधते. या घरट्यांस परदेशात मोठी किंमत येत असल्यामुळे पूर्वी त्यांची चोरटी काढणी होत असे. पुढे चिपळूणच्या निसर्गप्रेमी मंडळींनी हे उघडकीस आणले व घरट्यांस संरक्षण मिळवून दिले. आमच्या तांडेलाने त्या खडकांकडे हनुवटीनेच खूण केली आणि तो म्हणाला, "सायबानू, रातचो तो दिवो दिसलो काय वेंगुर्ला इला म्हणान समजाचा."

पुढे किनारा जवळ आला. वेंगुर्ल्याचे बंदर समुद्रावरून प्रथम पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. मुंबईसारखा भूमीने वेढलेला प्रशस्त जलाशय येथे नाही. एक टेकडी समुद्रात पुढे आलेली, तिच्यावर दीपगृह. तिच्या आडोशास अर्धचंद्राकार पुळण, माडांची रांग, एक धक्का आणि शेजारून आत शिरणारी मांडवीची लहानशी खाडी. उत्तरेकडच्या वाऱ्यापासून टेकडी संरक्षण देते खरी, परंतु नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाळी लाटांना अडविणारे येथे काहीच नाही. त्यामुळे ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत हे बंदर पूर्वी बंदच राही. आगबोटींच्या काळातसुद्धा बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहावयाची आणि उतारू व मालाचे बोजे पडावांत उतरवून किनाऱ्यास आणावयाचे, अशीच रीत होती. आमची होडी धक्क्याला लागली तेव्हा भरती होती म्हणून पायरीवर कोरड्या पायांनी उतरता आले, एवढेच.

मग निसर्गाने फारसे झुकते माप न दिलेले हे ठिकाण बंदर झाले तरी कशामुळे? दोन गोष्टींमुळे. दक्षिणेस जवळच गोवा होते, आणि पाठीशी बेळगाव होते. पहिल्या गोष्टीने वेंगुर्ल्यास डच लोक आणले, दुसरीने इंग्रज.

धक्क्यावरून गावात जाणारा रस्ता माडबागांतून आणि कौलारू घरांच्या ओळींतून जातो. आम्ही पायीच निघालो. गावात डचांच्या वखारीची वाट विचारली की लहान मूलसुद्धा बोट दाखविते. जांभ्या दगडाची, दुमजली, भव्य अशी ही वास्तू. किंबहुना तिला वखार म्हणण्यापेक्षा गढी म्हणणेच शोभेल. सभोवार तट, आत प्रशस्त दालने, जाड भिंती. आज तिच्यावर छप्पर नाही. मजल्याच्या तुळया कधीच गेल्या. भिंतींच्या सांध्यांत वड-पिंपळांनी मुळे रोवली आहेत आणि ती मुळे दर पावसाळ्यात एकेक चिरा सैल करीत आहेत. आम्ही गेलो तेव्हा वरच्या मजल्याच्या एका रिकाम्या खिडकीत पोपटांचा थवा कलकलाट करीत बसला होता. आमच्यातल्या एका वहिनींनी विचारले, "एवढ्या मोठ्या भिंती मिऱ्या-वेलदोडे ठेवायला कशाला लागतात हो?" प्रश्न मार्मिक होता.

त्याचे उत्तर गोव्यात आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात डचांना पौर्वात्य व्यापारातून पोर्तुगीजांना उखडून काढावयाचे होते. १६३६ पासून काही वर्षे ते दर हिवाळ्यात गोव्याच्या तोंडाशी आपले आरमार उभे करून नाकेबंदी करीत. १६३९ च्या सप्टेंबरात तर मुरगावच्या बंदरात शिरून त्यांनी पोर्तुगीजांची तीन मोठी गलबते जाळली. परंतु महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या आरमारास गोडे पाणी लागते, तांदूळ लागतो, ताजे मांस लागते, जळण लागते. आजारी खलाशांस टेकण्यास चार हात कोरडी जमीन लागते. ती सोय गोव्याच्या जवळ, परंतु पोर्तुगीजांच्या सत्तेबाहेर हवी होती. हा किनारा तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीकडे होता. डचांनी १६३७ मध्ये आपला वकील विजापुरास पाठवून परवानगी मिळविली, आणि वेंगुर्ल्यास वखार उभी राहिली. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये हा १६४८ मध्ये येथे येऊन गेला. त्यानेही येथील पाणी, तांदूळ आणि वेलदोडा यांची वाखाणणी केली आहे. तेव्हा या भिंती नुसत्या वेलदोड्यासाठी नव्हेत, एका लांबलेल्या युद्धाच्या शिदोरीसाठी होत्या. वखार हे तिचे नाव. काम मात्र निम्मे छावणीचे.

मराठी माणसाने या वखारीपुढे क्षणभर थांबावे, याला आणखी एक कारण आहे. वेंगुर्ल्याचे डच अधिकारी हे मोठे चौकस पत्रलेखक होते. आपल्या वरिष्ठांना, म्हणजे जावा बेटावरील बटाव्हिया येथील कारभाऱ्यांना, ते आसपासच्या राजकारणाची बारीकसारीक बातमी कळवीत. विजापूरच्या दरबारात काय चालले आहे, शिवाजी महाराजांचे सैन्य कोठे आहे, कोणता किल्ला कोणाकडे गेला, हे सारे या पत्रांतून येते. १६७४ च्या राज्याभिषेकाचे वृत्तसुद्धा या वखारीतून गेलेल्या पत्रात नमूद आहे. आपल्या इतिहाससंशोधकांनी पुढे हॉलंडमधील दप्तरांतून ही पत्रे शोधून त्यांचा उपयोग केला. म्हणजे ज्या खोलीचे छत आज आकाश आहे, त्याच वास्तूत कोणी परदेशी कारकून समईच्या नाहीतर मेणबत्तीच्या उजेडात बसून मराठ्यांच्या उदयाची नोंद करीत होता. त्याला बिचाऱ्याला मिऱ्याचा भाव अधिक महत्त्वाचा वाटत असेल. आपल्याला ती नोंद मोलाची झाली.

डचांचे दिवस फार काळ टिकले नाहीत. १६६३ मध्ये कोची त्यांच्या हाती आली आणि गोव्याच्या नाकेबंदीचे प्रयोजन उरले नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील धामधुमीत हे गाव एकाहून अधिक वेळा जळाले, आणि शतकाच्या अखेरीस डचांचा पाय येथून निघाला. नंतर सत्ता वाडीकर सावंतांची. किनाऱ्यावरील चाचेगिरीचे निमित्त होऊन १८१२ मध्ये वेंगुर्ले सावंतांनी इंग्रजांस दिले. येथपर्यंतची कथा गोव्याच्या शेजाराची. येथून पुढे आपली, म्हणजे बेळगावची कथा सुरू होते.

१८१८ मध्ये जनरल मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि तेथे इंग्रजांची मोठी छावणी पडली. छावणी म्हणजे हजारो तोंडे, घोडे, तोफा, दारूगोळा, गणवेश, विलायती सामान. हे सारे मुंबईहून आणावयाचे कसे? पुण्यावरून खुष्कीने आणणे म्हणजे आठवड्यांचे काम. त्यापेक्षा मुंबईहून जहाजाने वेंगुर्ले आणि तेथून घाट चढून बेळगाव, ही वाट जवळची. प्रथम चंदगडच्या बाजूने दोडामार्गाकडे उतरणारा रामघाट वापरात आला; आपल्या छावणीतल्या रस्त्याचे नाव त्याचेच. तो घाट उभा आणि अवघड. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबोलीवरून, पारपोलीच्या बाजूने गाडीचा चांगला रस्ता झाला. आज आपण ज्या आंबोलीस पाऊस पाहावयास जातो, ते गाव नावारूपास आले तेच मुळी या रस्त्यावरील मुक्कामाचे ठिकाण म्हणून.

फौजेच्या मागोमाग व्यापार आला. त्यापूर्वी लमाणांचे बैलांचे तांडे जे काम करीत, ते आता बैलगाड्या करू लागल्या. देशावरचा कापूस, गूळ, धान्य खाली उतरे. मीठ, नारळ, सुकी मासळी, कापड आणि विलायती माल वर चढे. मुंबईस जाणारे विद्यार्थी, नोकरदार, कोर्टकचेरीचे लोक हेही याच वाटेचे प्रवासी. बेळगावहून निघून घाट उतरावयाचा, वेंगुर्ल्याच्या बंदरावर मुक्काम करावयाचा, पडावातून हेलकावे खात आगबोटीवर चढावयाचे आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरावयाचे. समुद्र कधी न पाहिलेल्या किती बेळगावकरांनी आपला पहिला समुद्र वेंगुर्ल्यास पाहिला असेल, त्याची गणती कोण करणार? त्या काळी 'आपले बंदर कोणते?' असे कोणी बेळगावात विचारले असते, तर उत्तरासाठी क्षणभरही थांबावे लागले नसते.

मग हे बंदर उतरणीला लागले ते कशाने? समुद्र आटला नाही, खाडी गाळाने बुजली म्हणून नव्हे, शत्रूने तोफा डागल्या म्हणूनही नव्हे. १८८७-८८ च्या सुमारास आगगाडी बेळगावास पोहोचली आणि कॅसल रॉकवरून ब्रागांझा घाट उतरून मुरगावास जाऊन भिडली. मुरगावास बारमाही, खोल पाण्याचे बंदर बांधले गेले. मालाला बैलगाडीचा घाट नको झाला. एकदा मालाने वाट बदलली की उतारू बदलतात, उतारू बदलले की धर्मशाळा, पेढ्या, वखारी ओस पडतात. वेंगुर्ल्यास कोणी जिंकले नाही. त्याच्या पाठीमागचा मुलूखच कोणी दुसरीकडे वळवून नेला. शतकभराने, १९९८ मध्ये, कोकण रेल्वे सुरू झाली, तीही कुडाळ-सावंतवाडीवरून गेली. वेंगुर्ले पुन्हा बाजूला राहिले. आणि या दोहोंच्या मध्ये, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि रस्त्याची दोन टोके दोन राज्यांत पडली. त्या विषयावर या मासिकातून आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढेच म्हणतो की, सीमा पडली ती शिनोळीच्या पुढे-मागे, पण तुटलेपणाची जाणीव बंदराच्या धक्क्यावर उभे राहिले असता अधिक होते.

वखारीतून निघून आम्ही बाजारात आलो तेव्हा ऊन चढले होते. येथील मंडईस क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. इंग्रज अमदानीतील अधिकाऱ्याचे नाव मुंबईप्रमाणे येथेही टिकून आहे. कोकमे, आमसुले, खाजे, खटखटे लाडू, काजू आणि दिवसाची खरी अपूर्वाई म्हणजे ओले काजूगर. सोललेल्या गरांचे वाटे मांडून बसलेल्या एका मावशींशी आमच्या मंडळींनी घासाघीस सुरू केली. "खंयसून इलात?" त्यांनी विचारले. बेळगावहून, असे सांगताच त्यांचा चेहरा फुलला. शेजारच्या भाजीच्या ढिगाकडे हात करून त्या म्हणाल्या, "मगे ती सगळी भाजी तुमचीच मां! बेळगावसूनच येता." आणि वाट्यावर मूठभर गर अधिक पडले.

मला ते वाक्य फार मोलाचे वाटले. छावणी गेली, कापूस गेला, आगबोट गेली. पण कोबी-फ्लॉवर, बटाटे आणि हिरव्या मिरच्या पहाटेच्या टेंपोत बसून आजही तोच घाट उतरतात. राज्ये बदलली तरी पोटाची वाट सहसा बदलत नाही. दुपारी एका घरगुती खाणावळीत आम्ही त्याच काजूगरांची उसळ, तळलेला बांगडा, भात आणि सोलकढी असे जेवलो. उसळीतला नारळ वेंगुर्ल्याचा आणि मिरची कदाचित बेळगावची. दोन गावांचा एवढा सलोखा पानात उतरलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही.

जेवणानंतर सावलीसावलीने थोडे हिंडलो. ग्रामदेवता सातेरीचे दर्शन घेतले. सातेरी ही मूळची वारुळाच्या रूपाने पूजली जाणारी भूमिदेवता. गोव्यापासून या साऱ्या पट्ट्यात गावोगाव तिची ठाणी आहेत, आणि देव कोणत्याही सत्तेची हद्द मानीत नाहीत हे त्यावरून कळते. पुढे अमेरिकन मिशनच्या जुन्या रुग्णालयाची चौकशी केली. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे डॉ. गोहीन नावाचे मिशनरी डॉक्टर काम करीत. त्यांचा मुलगा रॉबर्ट गोहीन याचा जन्म १५ ऑगस्ट १९१९ रोजी या वेंगुर्ल्यात झाला. तो पुढे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातील राजदूत म्हणून दिल्लीस आला. कवी मंगेश पाडगांवकर यांचाही जन्म येथलाच, १९२९ चा. दक्षिणेस काही मैलांवर शिरोडे आहे. तेथील शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिकविले, आणि तेथील मिठागरांवरच १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला. बंदराच्या गावास नेहमी बाहेरचा वारा लागत असतो. माल यावयाचा थांबला तरी तो वारा लगेच थांबत नाही, असे ही नावे आठवताना वाटते.

चार वाजता भरतीचे पाणी पुन्हा खाडीत शिरू लागले आणि आम्ही मांडवीच्या खाडीवर आलो. येथे स्थानिक स्त्रियांचा एक बचत गट वल्ह्यांच्या होडीतून पाहुण्यांस कांदळवन दाखवितो. कांदळवन म्हणजे खारफुटीचे रान. होडी त्यांनीच वल्हवावयाची, झाडे त्यांनीच ओळखून द्यावयाची. सकाळी यंत्राच्या घरघरीत आलेल्या आम्हांस ती शांतता विशेष जाणवली. वल्ह्याचा चुबुक् आवाज, चिखलात लगबग करणारे खेकडे, फांदीवर निश्चल बसलेला खंड्या. वल्हे मारणाऱ्या ताईंनी चिप्पी, कांदळ, तिवर अशी झाडे एकामागून एक दाखविली. चिखलातून खुंटांसारखी वर आलेली श्वसनमुळे दाखविली. पांढऱ्या चिप्पीस महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये राज्याचे कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला, हेही त्यांनी सांगितले. एके काळी या झाडांना सरपणापलीकडे किंमत नव्हती. माशांची पिल्ले या मुळांच्या आडोशास वाढतात आणि वादळी लाटांचा जोर येथे मोडतो, हे आता शाळकरी पोरेही सांगतात. ज्या स्त्रिया कालपर्यंत मासळीच्या पाट्या डोक्यावरून वाहत, त्या आज आपल्या खाडीच्या अभ्यासक होऊन पाहुण्यांस शिकवितात, हे दृश्य मला त्या वखारीइतकेच ऐतिहासिक वाटले.

गावाचा व्यापार गेला म्हणजे गाव संपले, असे आपण पटकन म्हणतो. वेंगुर्ले तसे संपले नाही. १९५७ मध्ये येथे फळ संशोधन केंद्र निघाले. 'रत्ना' हा नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला आंबा १९८१ मध्ये आणि अगदी पातळ कोयीचा 'सिंधू' आंबा १९९२ मध्ये येथूनच बाहेर पडला. काजूच्या जातींना तर गावाचेच नाव मिळाले: 'वेंगुर्ला १', 'वेंगुर्ला ४', 'वेंगुर्ला ७'. घाटमाथ्यावर काजूची बाग करणाऱ्या शेतकऱ्यास विचारा; कलम कोणते म्हणताच तो 'वेंगुर्ला चार' किंवा 'वेंगुर्ला सात' असे सांगेल. पूर्वी घाटावरचा माल वेंगुर्ल्यावरून जगात जाई, आता वेंगुर्ल्याचे कलम घाट चढून वर येते. नाव तेच, रस्ता तोच, ओझे तेवढे बदलले. गेल्या दशकात येथील नगरपरिषदेने कचऱ्याचे घरोघर वर्गीकरण करवून, जेथे दुर्गंधीचा ढिगारा होता तेथे लोक पाहावयास येतील अशी बाग उभी केली, हेही उल्लेखनीय आहे. लहान गावांनी मोठ्या शहरांस शिकवावे असे हे उदाहरण. आपल्या शहराच्या कारभाऱ्यांनी एकदा जाऊन पाहिले तर प्रवासखर्च वाया जाणार नाही.

मात्र एका गोष्टीने मन खट्टू झाले, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. ती वखार. कलमे नवी करता येतात, कांदळवन पुन्हा लावता येते, कचऱ्याची बाग होते. पण ढासळलेली भिंत पुन्हा सतराव्या शतकात बांधता येत नाही. वर्षातून एकदा पावसाळ्यापूर्वी भिंतींतील रोपटी मुळासकट काढणे, चुना भरणे, उघड्या भिंतींच्या माथ्यावरून पाणी वाहून जाईल अशी व्यवस्था करणे, एवढे झाले तरी त्या भिंती आणखी शंभर वर्षे उभ्या राहतील. त्यासाठी राजवाड्याचा खर्च लागत नाही; लागते ती ही आपली वस्तू आहे अशी भावना. आणि ही भावना नुसत्या वेंगुर्लेकरांनीच का बाळगावी? बंदर आणि त्याच्या पाठीमागचा मुलूख ही एकाच नाण्याची दोन अंगे असतात. वेंगुर्ले जर बेळगावमुळे बंदर झाले, तर त्याच्या आठवणींवर अर्धा हक्क आपला आहे. आणि हक्क आला की त्याबरोबर जबाबदारीही आलीच. आपल्याकडे किती वाचनालये आहेत, इतिहासप्रेमी मंडळे आहेत, शाळा आहेत! एखाद्या मंडळाने वेंगुर्लेकरांस पत्र घालावे, मिळून काही करू म्हणावे. सरकार दोन असतील. पत्राला टपालहशील एकच लागते.

जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम. चैत्रानंतर ऊन सोसत नाही आणि वैशाखाच्या अखेरीपासून समुद्राचे लक्षण फिरते. मालवणहून होडीने येणे सर्वांस जमेलच असे नाही. आंबोलीवरून मोटारीने गेलात तरी बंदरावर आधी जावे आणि मग गावात शिरावे, म्हणजे गाव समुद्राकडून पाहिल्याचा थोडा तरी अनुभव येतो. वखार सकाळी पाहावी. खाडीतील फेरी भरतीच्या वेळेस करावी लागते, म्हणून वेळ आधी विचारून ठेवावी. होडीत सर्वांनी जीवरक्षक जाकीट बांधावेच. पोहता येते ही सबब समुद्र ऐकत नाही. बरोबर मुले असतील तर त्यांना वाटेतच रामघाटाची, बैलगाड्यांची, आगबोटीची गोष्ट सांगून ठेवावी. नाहीतर ती पुळणीवर खेळतील, शिंपले गोळा करतील आणि आपण आपल्याच बंदरावर येऊन गेलो हे त्यांस कधी कळणार नाही.

सूर्य टेकला तेव्हा आम्ही पुन्हा होडीत बसलो. तांडेलाने नांगर उचलला. मागे धक्क्यावर मासळीचे लिलाव पुकारले जात होते, टेकडीवरचा दिवा लागला होता, आणि पश्चिमेस, दूर खडकांवरचा तो दुसरा दिवाही मिणमिणू लागला होता. गलबते येवोत न येवोत, दोन्ही दिवे रोज लागतात. होडीचे तोंड दक्षिणेस, तेरेखोलच्या दिशेने वळले.